पाच ग्रॅमचा हिशेब

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बोटं टेकवायची ती पाच ग्रॅमच्या वर भार जाऊ न देता, असं आम्हाला शिकवलं जातं. दोन रुपयांचं नाणं साधारण तेवढ्या वजनाचं असतं. या उपचाराला क्रेनिओसेक्रल थेरपी म्हणतात; कवटीपासून कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीपर्यंत अगदी हलक्या हाताने केलेला स्पर्श. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबईत देवनारला गोवंडी स्टेशन रोडच्या बाजूला माझी छोटी खोली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तान्ही बाळं बरीच असतात. कुणी संध्याकाळ झाली की रडरड रडतं, कुणी मान एकाच बाजूला ठेवतं, कुणी दूध ओढताना दमतं, कुणाचं डोकं एका बाजूने चपटं झालेलं असतं. यांतल्या काहींना माझा उपयोग होतो हे मला ठाऊक आहे. काहींना तो होतो की नाही हे मला ठाऊक नाही आणि तरीही मी त्यांच्याकडून पैसे घेत आले. हे लिहायला बसले ती या दुसऱ्यांसाठी.

आया विचारतात, "मॅडम, ह्यानं नक्की होतं काय?" त्याचं उत्तर शिकतानाच तोंडात बसवलं जातं. बाळंतपणात बाळाच्या डोक्यावर दाब येतो. कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात. त्यामुळे आतल्या पडद्यांवर ताण राहतो, तो मोकळा केला की मेंदूभोवतालचं पाणी नीट खेळायला लागतं आणि बाळ शांत होतं. ऐकायला किती पटतं! यातली पहिली दोन वाक्यं खरीच आहेत. जन्मताना हाडं एकमेकांवर चढतात म्हणून तर बाळ बाहेर येऊ शकतं, आणि लांबोळं झालेलं डोकं काही दिवसांत आपलं आपण गोल होतं. मागची टाळू दोनेक महिन्यांत भरते, पुढची भरायला साधारण दीड वर्ष लागतं. मेंदूभोवती पाणी असतं आणि ते हृदयाच्या ठोक्याबरोबर, श्वासाबरोबर हलतं, हेही एमआरआयवर दिसतं. पण "त्यामुळे" या शब्दापासून पुढे जे सांगितलं जातं ते कुणी दाखवून दिलेलं नाही. आणि आईला सांगताना आवाज बदलत नाही, ओळ बदलत नाही. खऱ्याच्या आडोशाने न तपासलेलं आत शिरतं, आणि ते आत शिरताना दारात मी उभी असते. मला खुपतं ते हे.

ही कल्पना ज्यांना सुचली ती माणसं लबाड नव्हती. विल्यम गार्नर सदरलँड हे अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ. विद्यार्थी असताना, 1899 च्या सुमारास, सुटी केलेली कवटी पाहताना कानशिलाच्या हाडाची तासल्यासारखी कड त्यांच्या नजरेत भरली. ती माशाच्या कल्ल्यासारखी दिसते, म्हणजे ही हाडं श्वासासारखी हलत असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढे कित्येक वर्षं त्यांनी स्वतःच्याच डोक्याला आवळपट्ट्या बांधून प्रयोग केले आणि 1939 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. नंतर जॉन अपलेजर यांनी 1970 च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात या कल्पनेवर काम केलं, तिला आजचं नाव आणि रूप दिलं, आणि 1985 मध्ये फ्लोरिडात आपली संस्था काढली. या उपचाराचा गाभा असा, की त्या पाण्याला स्वतःची एक लय असते, मिनिटाला सहा ते बारा वेळा येणारी, आणि तयार झालेल्या हाताला ती कळते. सदरलँडनी तर स्वतःचं डोकं पणाला लावलं. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. माझ्याही तळमळीबद्दल नाही. पण तळमळ हा पुरावा धरायचा, तर आमच्या आज्जीने काढलेली दृष्टही पुरावाच होते.

मग ती लय. ती मला जाणवते, हे मी शपथेवर सांगू शकते. डोळे मिटले, बोटं सैल सोडली, खांदे उतरवले, की थोड्या वेळाने बोटांच्या पेरांखाली काहीतरी फुलतं आणि ओसरतं. प्रश्न एवढाच, की ते कुणाचं? 1994 मध्ये अमेरिकेतल्या फिजिओथेरपीच्या नियतकालिकात एक साधा अभ्यास छापून आला. तीन थेरपिस्ट, तिघीही या कामात मुरलेल्या, आणि बारा माणसं. प्रत्येकीने प्रत्येकाची लय मोजायची. एकाच माणसाच्या डोक्याला हात लावून तिघींनी सांगितलेले आकडे एकमेकींशी जुळलेच नाहीत. सहमतीचं माप जवळजवळ शून्यावर आलं. मी तो लेख वाचून बाजूला ठेवला, आणि तो मला बाजूला ठेवता येईना. माझ्या बोटांत माझी नाडी आहे. माझा श्वास माझ्या कोपरापर्यंत पोचतो. बाळ छातीवर धरलं की त्याचा श्वास माझ्या मनगटापर्यंत येतो. एवढ्या सगळ्या हालचालींच्या गर्दीत एक निराळी लय मी ओळखते असं म्हणताना मी काय म्हणते आहे? "मला जाणवतं" इतकं म्हणण्याचा मला अधिकार आहे. "बाळाच्या डोक्यात अडकलेलं आहे" असं म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला?

आता जे डोळ्यांना दिसतं ते सांगते, कारण तेही तितकंच खरं आहे. बाळ पाठीवर निजवलेलं, खाली मऊ धुतलेलं दुपटं. माझा डावा तळवा त्याच्या डोक्यामागे, उजवा कमरेखाली. आधी ते मुठी आवळून ताणतं, पाय झाडतं, तोंड वाकडं करतं. मी हात हलवत नाही, बोलत नाही. हळूहळू डोक्याचं वजन माझ्या हातात उतरायला लागतं. आधी ते मानेने धरून ठेवलेलं असतं आणि मग ते सोडून देतं. अंगठा मुठीतून बाहेर येतो. भुवईवरची आठी जाते. जांभई येते, आणि एवढ्याशा जिवाची जांभई सगळ्या अंगभर पसरते. याच वेळी मी चोरून आईकडे बघते. तिचे खांदे उतरलेले असतात. कित्येकजणी पहिल्यांदाच भिंतीला टेकतात. एक तर मला म्हणाली, "ताई, दोन मिनिटं डोळे मिटू का?" आणि बसल्या बसल्या झोपली.

हे घडतं. ते मी बनवून सांगत नाही. पण हे घडण्यासाठी पडद्यांवरच्या ताणाची गोष्ट लागत नाही. शांत खोली, गरम हात, घाई नसलेलं माणूस आणि मध्येच कुणी फोन न लावणं, एवढ्यावर हे होऊ शकतं. गोष्ट लागते ती फी घेण्यासाठी. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले होते.

संध्याकाळच्या रडण्याचा मामला आणखी अवघड आहे. मॉरिस वेसल या बालरोगतज्ज्ञांनी 1954 मध्ये त्याची एक व्याख्या घालून दिली: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. असं रडणं जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांचं बाळ झालं की बहुतेक घरांतून आपोआप निघून जातं. आता माझ्याकडे लोक कधी येतात? आधी हिंग लावून झालेला असतो, गुटी झालेली असते, ग्राइप वॉटर झालेलं असतं, डॉक्टर बदलून झालेले असतात, मीठ-मोहऱ्या ओवाळून झालेल्या असतात. म्हणजे अगदी कळसालाच येतात. त्यानंतर मी काहीही केलं, किंवा काहीच केलं नाही, तरी रडणं उतरणीलाच लागणार. आणि महिन्याभराने पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर येणार. आजी म्हणणार, "तुमच्या हाताला गुण आहे हो."

तो गुण माझ्या हाताचा की कॅलेंडरचा? स्पेनमध्ये 2019 साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात या उपचाराने अशा बाळांचं रडणं कमी झाल्याचं निघालं. वाचून मला आनंद झाला होता. पण ज्यांच्याशी तुलना केली त्या बाळांना कसलाच उपचार दिलेला नव्हता, आणि रडण्याची नोंद ठेवणाऱ्या आयांना आपल्या बाळाला उपचार मिळतोय की नाही हे ठाऊक होतं. ज्या आईला कुणीतरी हात दिला आहे तिला तेच रडणं कमी वाटणार नाही का? 2024 मध्ये स्पेनमधल्याच संशोधकांनी मोठ्यांवरच्या आणि लहानांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि या उपचाराचा फायदा दिसत नाही असा निष्कर्ष काढला. मला सोयीचा कागद घेऊन गैरसोयीचा सोडायचा, असं मला करता येणार नाही.

आमच्याकडे तर तान्ह्या बाळाच्या अंगाला हात लावण्याचं शास्त्र घराघरांत होतंच. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यांवर बाळ पालथं घालून न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशी देवनार-चेंबूरकडे अजून सकाळच्या घरोघर जातात. टाळूवर तेल थापतात, हातपाय तिरपे ओढून व्यायाम देतात, नाक चिमटून सरळ करतात, डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन गोल करतात आणि झोपवताना राईची उशी द्यायला सांगतात. यातलं नाक चिमटणं, डोकं दाबणं आणि उशी मला मान्य नाही. तेलाचा हात मला मान्य आहे. 1970 च्या दशकात फ्रेडरिक लबोयेर हे फ्रेंच डॉक्टर कलकत्त्याच्या रस्त्यावर शांतला नावाच्या एका आईला बाळाला मालीश करताना पाहून थक्क झाले आणि 1976 मध्ये तिच्याच नावाने पुस्तक लिहून त्यांनी ती मालीश युरोपात नेली. अमेरिकेच्या विमला मॅक्लुअर भारतातल्या एका अनाथाश्रमात हेच पाहून गेल्या आणि त्यांनी तिकडे शिकवायला सुरुवात केली. मावशींना मात्र आपल्या हाताला जगात कुणी मान दिला हे कधी कळलंच नाही. माझ्या खोलीत बाळ घेऊन येणारी आई मावशींना महिन्याला जे देते, ते माझ्याकडे एका खेपेला देऊन जाते. भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा तो भाव आहे, हे मी जाणून आहे.

आणि एक गोष्ट मला टोचते ती अशी. मालीशीमागे निदान काही पुरावा आहे. टिफनी फील्ड यांनी 1986 मध्ये दिवस भरण्याआधी जन्मलेल्या 40 बाळांवर अभ्यास केला. निम्म्यांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालीश आणि हातापायांची हालचाल दिली. त्यांचं वजन इतरांपेक्षा 47 टक्क्यांनी जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. पुढे 2006 मध्ये त्याच गटाने हलका हात आणि मध्यम दाबाचा हात यांची तुलना केली. वजन जास्त वाढलं ते मध्यम दाबाने. म्हणजे ज्या हलकेपणावर माझा सगळा उपचार उभा, तोच कमी पडला आणि मावशींचा हात जिंकला.

हार्बर लाइनच्या रुळांच्या अलीकडे माझी खोली. याच बाजूला टाटा समाजविज्ञान संस्था, लोकसंख्या विज्ञान संस्था, झाडांची सावली असलेले रस्ते. रुळांपलीकडे कत्तलखाना, बैंगनवाडी, शिवाजीनगर आणि त्यांच्याही मागे 1927 पासून शहराचा कचरा पोटात घेणारा डोंगर. जानेवारी 2016 मध्ये तो पेटला तेव्हा धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाला आला तो आमचा एम-पूर्व. तिथेही बाळं आहेत, खूप आहेत, आणि साडीच्या झोळीत झोपतात. आठवड्यातून एकदा मी तिकडे जाते, मान आखडलेल्या किंवा पाय वाकडे असलेल्या बाळांना बघायला. तिथे पाच ग्रॅमच्या स्पर्शाबद्दल मला कुणी विचारत नाही. विचारतात ते, "वजन का वाढत नाही?"

स्पर्शाने जीव वाचतो, हे सिद्ध झालेलं आहे, आणि ते माझ्या प्रमाणपत्रात नाही. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडायला लागल्या तेव्हा एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. त्याला आपण कांगारू मदर केअर म्हणतो. 2021 मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांतून झालेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय तिच्यात होतं. एक किलोपासून 1.799 किलोपर्यंतची तीन हजारांवर बाळं. ज्यांना जन्मानंतर लगेच आईच्या अंगाशी ठेवलं त्यांच्यातली 12 टक्के महिन्याभरात गेली. ज्यांना आधी स्थिर होऊ दिलं आणि मग ठेवलं त्यांच्यातली 15.7 टक्के. दर शंभरांत साधारण चार बाळांचा फरक, आणि लागतं काय? टोपी, लंगोट, एक फडकं आणि मोकळी छाती असलेली आई, जिला दिवसातले कितीतरी तास नुसतं बसू दिलेलं आहे. आमच्या जवळच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली आणि पुढे 1999 मध्ये 'स्नेहा' संस्था काढली, जी आज गोवंडीतही काम करते. त्यांच्या कामाचा सूर मला असा ऐकू येतो, की बाळाच्या आणि आईच्या मधून आपण जितके बाजूला होऊ तितकं बरं. आणि मी? मी तर मध्येच बसून आहे, आणि तिथे बसण्याची फी घेत आले.

रुळांपलीकडच्या वस्तीत एका मुलीला मी बाळ असं छातीशी बांधून दाखवलं. पंधरा दिवसांचं बाळ, हाताला लागत नव्हतं इतकं हलकं. सासू दारात उभी. मुलगी लाजत होती, घरात दीर-नणंदा, एकच खोली. तिच्या सासूने मग स्वतः दाराला चादर लावली आणि बाहेर उंबऱ्यावर बसून राहिली, कुणाला आत येऊ देईना. त्या सासूने जे केलं ते मी केलेल्यापेक्षा मोठं होतं, आणि त्याचं प्रमाणपत्र कुठे मिळत नाही.

"पण हलक्या हाताने अपाय तर होत नाही ना?" असं म्हणून मला या सगळ्यातून सुटता आलं असतं. तसं नाही. 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलेली हकीकत आहे: या उपचाराच्या नावाखाली मान आणि कणा वाकवला गेला आणि तीन महिन्यांची मुलगी गेली. तो हात हलका नव्हता, हे खरं. पण नाव तेच होतं, आणि दारावरची पाटी वाचून आईला आतला हात कसा कळणार? दुसरा धोका हात अगदी हलका असला तरी असतो, तो म्हणजे उशीर. कवटीचा सांधा वेळेआधी जुळला असेल तर डोकं वाकडं वाढतं, आणि तो जगातल्या कुठल्याही बोटांनी उघडत नाही. तिथे शस्त्रक्रिया लागते आणि तिला वेळेचं बंधन असतं. टाळू फुगलेली असणं, टाळू खोल गेलेली असणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, हिरवी उलटी, दूध अजिबात न ओढणं, यातलं काही असेल तर माझ्या खोलीत घालवलेलं प्रत्येक मिनिट बाळाच्या वाट्याचं गेलेलं असतं.

म्हणून आता आई आली की आधी मी बाळ बघते, डोक्याचा घेर मोजते, सांधे चाचपते, मान दोन्हीकडे वळते का पाहते. मान आखडलेली असेल तर ताण देण्याचे व्यायाम शिकवते. त्याचा उपयोग होतो, त्याची फी मी मान वर करून घेते. डोकं चपटं असेल तर जागेपणी पालथं घालायला, झोळीतली बाजू बदलायला सांगते आणि राईची उशी काढायला लावते. रडण्यासाठी आली असेल तर कॅलेंडर समोर धरते आणि कोणत्या आठवड्यात काय होईल ते सांगते. मग सांगते, की मी हलका हात लावू शकते, बाळ बहुधा सैल होईल, तुम्हालाही बसायला मिळेल, पण त्याने रडणं लवकर थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. पडद्यांची आणि पाण्याची गोष्ट मी सांगत नाही.

काहीजणी उठून जातात. तसं होणं बरोबरच आहे. जिला ती गोष्टच हवी असते ती दुसरीकडे जाते, आणि ती तिकडे जाते म्हणून माझ्या पोटात कालवतं. त्यात तिच्या बाळाची काळजी किती आणि माझ्या भाड्याची किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही. जी थांबते तिला मी माझे हात दाखवते आणि तिचे हात तिथे ठेवायला लावते. डावा तळवा डोक्यामागे, उजवा कमरेखाली. "दाबू नका, फक्त धरा." बहुतेकींना पहिल्याच वेळी जमतं. मग दुसऱ्या खेपेला यायचं कारण उरत नाही.

परवा एकीने सरळ विचारलं, "ताई, मग हलक्या हाताचे पैसे घेताच कशाला?" नवरा शेजारी बसला होता, तो ओशाळला. मी म्हटलं, तपासणीचे आणि शिकवण्याचे घेते. तिने मान हलवली आणि पुढचं विचारलं, "आणि नुसता हात लावायचे?" त्या दिवसापासून मी नुसत्या हाताचे पैसे लावत नाही. हे मला परवडेल की नाही ते वर्षअखेरीला कळेल. त्याआधी मला बोगोटाची ती बांधणी नीट शिकवता आली पाहिजे, एका खोलीच्या घरात, चादर लावायला सासू तयार नसली तरी.